दादाचा नकार

माझ्या भावाइतका भिडस्त माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि माणसं मी भरपूर पाहिली आहेत. दादा टेलर आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत तो आणि वहिनी, त्यामागे अंगण. गल्लीत त्याला सगळे मास्टर म्हणतात. कापड कमी पडलं तर तो आपल्या कपाटातला तुकडा लावतो. पँट शिवून झाल्यावर गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर फुकट उसवून देतो. "अहो, त्याचे काय पैसे घ्यायचे?" म्हणतो आणि वर चहाही पाजतो. मी वरच्या मजल्यावर एकटी राहते. माझा संसार माझ्या तोंडामुळे मोडला असं लोक म्हणतात, आणि ते काही अगदी खोटं नाही. भांडायची सगळी ताकद आईने मला देऊन टाकली, दादाच्या वाट्याला काही उरलंच नाही.

वहिनीला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचा डावा पाय गेला. रोज सकाळी एक मुलगी व्यायाम करून घ्यायला येऊ लागली. पाय वाकवायचा, सरळ करायचा, पुन्हा वाकवायचा. वहिनी कंटाळून भिंतीकडे तोंड करायची. मग एक दिवस त्या मुलीने तिला सार्वजनिक तलावावर नेलं, आणि छातीभर पाण्यात, कठडा धरून, वहिनी चालली! जमिनीवर जो पाय ओंडक्यासारखा ओढावा लागायचा, तो पाण्यात आपणहून उचलला जात होता. दादा काठावर वहिनीच्या चपला हातात घेऊन उभा होता आणि लोकांसमोर रडत होता. मीही रडले, लपवत नाही.

थोडेच आठवडे हे सुख मिळालं. तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला, फाटकाला कुलूप लागलं आणि दुरुस्ती करणारा कोणी फिरकलाच नाही. व्यायामाची मुलगी स्पष्टच म्हणाली, "मास्टर, जे काही सुधारायचं ते या वर्षात. नंतर पाय आखडत जाईल." त्या रात्री दादाने ठरवलं, मागच्या अंगणात हौद बांधायचा. पोहायला नाही, वहिनीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता येईल एवढाच.

कंत्राटदार दादाचं जुनं गिऱ्हाईक. त्याचे शर्ट दादाच शिवायचा, म्हणजे भिडेला आणखी एक गाठ. "मास्टर, तुमच्याकडून मला काय कमवायचंय?" असं म्हणून त्याने आकडा सांगितला आणि काम सुरू केलं. पुरता खड्डा होण्याआधीच तो दादाच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला.

"मास्टर, दगड लागला. दगड एस्टिमेटमध्ये नव्हता."

दगड मी पाहिला. त्यावर बसून मी भाजी निवडू शकले असते, एवढाच. पैसे मात्र त्याने डोंगर फोडल्याचे घेतले. पुढे माती. "खड्डा खोदायचं ठरलं होतं, माती उचलून न्यायचं कुठे ठरलं होतं?" मग सळया महागल्या. मग पाइप जाड हवा निघाला. दर वेळी मजूर खड्ड्याच्या काठावर हातावर हात ठेवून बसलेले, आणि हा विचारणार, "काम थांबवू का?" उघडा खड्डा दाराशी असताना माणूस काय बोलणार? दादा मान हलवायचा. मी खाली उतरून तोंडाचा पट्टा सोडेपर्यंत व्यवहार झालेला असायचा. "ताई, मास्टरांचं आणि माझं ठरलंय," कंत्राटदार गोड हसून म्हणायचा. दादाने आपलं दुसरं मशीन विकलं, चांगलं होतं ते.

वहिनी पलंगावरून सगळं ऐकत असायची. पाय बरा नसला तरी कान तिचे तिखट. पण व्यायाम ती आता न सांगता करू लागली होती. मुलगी यायच्या आधीच पाय वाकवून दाखवायची.

तळ झाला, भिंती उभ्या राहिल्या. फरशी तेवढी बाकी होती. तेव्हा कंत्राटदार पुन्हा आला. म्हणाला, "मास्टर, जमिनीखाली पाणी आहे. बाजूच्या खड्ड्यातला माझा पंप ते उपसतोय म्हणून ठीक चाललंय. तिथे कायमचा पंप बसवावा लागेल. त्याचे वेगळे."

"नाही बसवला तर?" मी विचारलं.

"रिकामा हौद वर येईल."

मी खो खो हसले. "सिमेंटचा हौद म्हणजे काय होडी आहे का?"

आतून वहिनी ओरडली, "आता एक पैसा देऊ नका! आपल्याला बावळट समजतोय तो!"

दादा गळ्यात टेप घालून उभा होता. त्याचे कान लाल झाले. म्हणाला, "नाही देणार."

"मास्टर, विचार करा. हे खरंच लागतं."

"म्हणजे बाकीचं खरंच लागत नव्हतं?" दादाने विचारलं.

कंत्राटदाराने माणसं बोलावली आणि आपला पंप उचलून नेला. 

त्या संध्याकाळी आमच्या घरात लग्नघरासारखा आनंद होता. वहिनी हाताने पलंग बडवत, "कसं तोंड झालं असेल मेल्याचं!" म्हणत होती. दादा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गोष्ट सांगत होता, आणि दर वेळी त्याचा आवाज थोडा जास्त चढत होता. साठीला टेकलेला माणूस, पण आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी नाही म्हणाला होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी शिरा केला. फरशी दुसऱ्याकडून बसवून घेऊ असं ठरलं.

त्याआधी पाऊस लागला, दिवसरात्र. पाऊस थांबला त्या सकाळी मी जिन्यावरून अंगणात पाहिलं. हौदाचा एक कोपरा जमिनीच्या वर गुडघाभर आला होता. तळाला आरपार भेग पडली होती, पाइप मोडून लोंबत होता, खालून गढूळ पाणी येत होतं.

दादाने एका इंजिनिअरला आणलं. तो भला माणूस होता, हळू आवाजात बोलला. "रिकामा हौद खालच्या पाण्यावर उचलला जातो. नुसता नळाने भरून ठेवला असता तरी वजनाने बसून राहिला असता." दुरुस्ती नाही. फोडायचा आणि पहिल्यापासून बांधायचा.

कंत्राटदारही आला. मी पदर खोचून खाली उतरले होते. तो हौदाभोवती एकदा फिरला, ‘मी सांगितलं होतं’ एवढंसुद्धा म्हणाला नाही, आणि मी खोचलेला पदर सोडला. त्याच्या सगळ्या थापा आम्ही मुकाट्याने गिळल्या होत्या आणि तो एकदाच खरं बोलला तेव्हा त्याला हाकलून दिलं होतं. "फोडायचे फक्त मजुरीचे घेईन," तो म्हणाला. तेही खरंच असेल. दादाकडे मजुरीचेही उरले नव्हते.

दुपारी वहिनीने हट्ट धरला म्हणून आम्ही तिला खुर्चीत बसवून मागच्या दारापर्यंत उचलून नेलं. 

"तो सांगत होता," ती म्हणाली. "मीच नको म्हणाले."

"नाही म्हणालो ते मी," दादा म्हणाला.

"तुम्ही कुठे? तुमच्या तोंडून मीच बोलले."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग तो दुकानात निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायामाची मुलगी आली तर वहिनीने पायावर चादर ओढून घेतली होती. "उद्यापासून येऊ नकोस बाई."

"वहिनी, अजून वर्ष संपलं नाहीये. थोडे महिने आहेत ना!"

"असू दे."

मुलगी दुकानात गेली. "मास्टर, तुम्ही तरी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

दादा एका पँटची कंबर उसवत होता. "तिला नको असेल तर राहू दे," तो म्हणाला, आणि पुढचा टाका उसवला.