आडवा दांडा, उतरता दांडा

गळ्यात शिंप्यासारखी टेप. जेवतानाही ती काढायची नाही. कानामागे खडू. हात पुसायच्या फडक्याची दिवसातून तीनदा नीट घडी घालायची आणि हात मात्र एप्रनलाच पुसायची. बोल्ट कसताना जिभेचं टोक दातांत धरायची. रस्त्याने कुणी सायकलवरून गेलं, की आधी गुडघ्यांकडे बघून चुकचुकायची, "सीट खाली आहे गं बाई, सीट खाली आहे." नावं तिच्या लक्षात राहत नसत. 'ती आखूड पायांची', 'ती लांब हातांची', अशी तिची ओळख.

सगळे तिला टेपताई म्हणत. मी नुसतं ताई. ती मला पुस्तकी म्हणायची. पहिल्यांदा सायकल घ्यायला गेले तेव्हा माझ्या पिशवीत चार पुस्तकं होती, आणि सायकलीतलं मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

ती गुरुवारी गेली. आज रविवार आहे.

दुकान तिच्या भावाचं. एक लांबट, अरुंद खोली. दाराशी दादाचं टेबल, मागच्या खिडकीखाली ताईचा स्टँड. डाव्या भिंतीला जेंट्स सायकली, दांडा आडवा. उजव्या भिंतीला लेडीज, दांडा खाली उतरलेला. दारात बाई दिसली की दादाचा हात आपोआप उजवीकडे जायचा. बावीस वर्षं बहीणभाऊ यावरून भांडत होते. वरच्या खोलीतून वहिनी ओरडायची, "अहो, गिऱ्हाईक पळेल, मग भांडा!"

भांडणाला कारण होतं. विशीत ताई याच दुकानातले सुटे भाग सायकलवरून पोचवायची. दादाने तिला लेडीज सायकल दिली होती. लेडीज तेव्हा एकाच मापात यायची, आणि ताई तर दारातून वाकून आत येणाऱ्यांतली. सात वर्षं तिचे गुडघे हँडलला लागत राहिले, दुखत राहिले. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा. एकदा ती सायकल पंक्चर झाली म्हणून तिने दादाची सायकल काढली. "पुस्तकी, पाय पहिल्यांदा पुरता लांब झाला," ती मला सांगायची, "मी तीन गल्ल्या उगाच फिरून आले." परत येताना तिने टेप विकत घेतली.

पुढे तिची एक रीत ठरली. आधी पायाचं माप घ्यायची. मग सीटवर बसवून म्हणायची, "डोळे मीट. हात पुढे टाक. गाठायला जाऊ नकोस." हात जिथे सहज पडतील तिथे हँडल हवं. सायकल कोणत्या भिंतीची, ते नंतर. कंबर धरलेल्या एका न्हाव्याला तिने उजव्या भिंतीची सायकल दिली. तो लाजला. ताई म्हणाली, "लाज वाटत असेल तर दांड्याला टॉवेल गुंडाळा. लोक म्हणतील, न्हावी आहे, टॉवेल असायचाच."

अडीच महिन्यांपूर्वी नर्सबाई आली. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन इंजेक्शन, मलमपट्टी करणारी. उंच, नुसते पायच पाय. तिने दारातूनच सांगितलं, "उतरत्या दांड्याची द्या. दिवसाला चौदा घरं करते. मागे औषधांची पेटी असते, तिच्यावरून पाय टाकता येत नाही."

दादाचा हात आधीच उजवीकडे गेला होता. "बघ," तो ताईला म्हणाला, "बाई स्वतःच्या तोंडाने मागतेय."

"तुझ्या भिंतीवर तिच्या पायाची एक तरी आहे का?"

"गिऱ्हाईक शहाणं की तू?"

"मी," ताई म्हणाली.

मी तिथेच होते. ताईने पाय मापले, डाव्या भिंतीवरची सर्वांत मोठी सायकल खाली घेतली आणि सीट वर केली. डोळे मीट म्हणालीच नाही. तिचं लक्ष दादाकडे होतं. नर्सबाई गेल्यावर ती विजयी चेहऱ्याने फडक्याची घडी घालत बसली.

गेल्या सोमवारी नर्सबाई ती सायकल हातात धरून, चालत परत आली. कोपर सोललं होतं.

"ताई, ही ठेवून घ्या."

"पडलात?"

"दोनदा. आडव्या दांड्यावरून पाय काढताना. पडण्याचं काही नाही हो." तिने हात पुढे केला. "ही करंगळी आणि शेजारचं बोट. आठच्या सुमाराला बधिर होतात ती दुपारपर्यंत. परवा एका आजोबांची शीर सापडेना. तीनदा टोचलं. आजोबा काही बोलले नाहीत, पण त्यांच्या सुनेने ऑफिसला कळवलं."

येत्या सोमवारपर्यंत बोटं सुधारली नाहीत, तर तिची फेरी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची आणि तिला दवाखान्यात टेबल, असं घाटत होतं. साहेबांनी आठवडा दिला होता. "नऊ वर्षं त्यांच्या घरी जातेय मी," ती म्हणाली. "टेबलावर बसून काय करू? कागदांना मलम लावू?"

दादा आता तोंडसुख घेणार असं मला वाटलं. त्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

ताईने तिला सीटवर बसवलं. डोळे मिटायला सांगितले. नर्सबाईचे हात पुढे आले आणि हँडलच्या चांगले चार बोटं अलीकडेच थांबले. पाय लांब, पण धड आखूड. म्हणजे अडीच महिने ती ओणवी होऊन, सगळा भार तळहातांवर टाकून सायकल चालवत होती.

ताईने टेप लावून पाहिली. पुन्हा लावली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्ही काय मागत होतात ते मी ऐकलंच नाही. मी याच्याशी भांडत होते."

"अहो, असू दे."

"असू दे कसं? बोटं तुमची आहेत. शुक्रवारी या. उतरत्या दांड्याची देते, तुमच्या पायाची."

"आणि तेवढ्या मापाची आणणार कुठून?" मी विचारलं.

दादा खाकरला. "माळ्यावर आहे एक. मागे चुकून मोठी फ्रेम मागवली होती मी."

"ती? जिराफाची?" ताई म्हणाली. कित्येक वर्षं ती त्याला त्या फ्रेमवरून चिडवत आली होती. दादा स्वतः शिडी लावून वर चढला. धुळीने शिंकत, फ्रेम खांद्यावर घेऊन उतरला. ताईने खालून ती झेलली. भांडण नव्हतं, त्यामुळे दुकानात मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं.

मंगळवारी तिने फ्रेम घासली, चाकं बसवली. बुधवारी मागचं कॅरियर पक्कं केलं, पेटीच्या मापाचं. सीटची नळी लांब घातली. गुरुवारी सकाळी हँडल पुढच्या चाकाशी जोडणारी जुनी, लांब मान काढून आखूड मान बसवली. बोल्ट सैलच ठेवला. "उंची ती बसल्यावर ठरवायची," ती मला म्हणाली. "या खेपेला मी एक अक्षर बोलणार नाही. ती म्हणेल तिथे."

मी हसले. मग ग्रंथालयात निघून गेले.

दुपारी ती स्टुलावर बसली आणि तिने पाणी मागितलं. दादा ग्लास घेऊन आला तेव्हा ती खिडकीला टेकलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. एवढंच म्हणाले.

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे नर्सबाई आली. तिला काहीच माहीत नव्हतं. शटर अर्धं वर होतं. आत आम्ही चौघंच. दादा, वहिनी, मी आणि ती स्टँडवर चढवलेली सायकल. वहिनीने नर्सबाईला बाजूला नेऊन सांगितलं. तिने चपला दारात काढल्या. मग दादाजवळ गेली आणि सवयीने त्याची नाडी धरून बसली.

काल दादाने ब्रेकच्या तारा जोडल्या. चेनला तेल दिलं. हँडलपाशी आला, पाना बोल्टला लावला आणि काढून घेतला.

"मला नाही येत हे," तो म्हणाला. "मी आयुष्यभर भिंतीकडे हात दाखवून सायकली विकल्या."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी ती रीत शंभरदा पाहिली आहे. एकदाही हाताने केलेली नाही.

नर्सबाईने निरोप पाठवलाय, उद्या सात वाजता येते, आठला पहिलं घर. सायकल स्टँडवर आहे. पेटीची जागा तयार आहे. मान अजून सैल आहे, उद्या ती बसल्यावर मलाच कसायची आहे. हँडल फिरवलं तर नुसतं हँडलच फिरतं, चाक जागचं हलत नाही.