थावरादादांचा वाटा

थावरादादा चूल पेटवायच्या आधी पळसाची पानं मांडत. जितकी माणसं, तितकी पानं. मटण शिजलं की प्रत्येक पानावर सारखा वाटा पडे आणि सगळे वाटे पडेपर्यंत कुणी घास उचलायचा नाही. वाटणाऱ्याचं पान शेवटी. शिरड शहापूरजवळच्या त्या तांड्यावर मी शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा माझंही पान मांडलं गेलं. मी वसमतच्या पुजाऱ्याच्या घरातला, जीव मुठीत धरून बसलो. पानावर पडला निखाऱ्यात भाजलेला बटाटा.

"गुरजी, तुमचा आलू मटणाच्या आधी भाजलाय," दादा म्हणाले. "पान मांडलं की मानूस उपाशी जाता कामा न्हाई."

तो बटाटा मी अकरा वर्षं खाल्ला. मग दादांच्या छातीनं दगा दिला आणि डॉक्टरांनी धुराजवळ जायला बंदी केली. दुसऱ्यानं लावलेली चूल दादांना बघवेना, त्यामुळे अंगणातल्या पंगतीच बंद पडल्या. दादा ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला उगीच हाका मारत. "काहून थांबंल कुनी? वाटायला हातात काईच न्हाई," असं एकदा म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

त्यांची लेक सुनीता पुण्यात नर्स. गेल्या हिवाळ्यात ती एअर फ्रायर घेऊन आली आणि बर्फाच्या डब्यात डुकराच्या बरगड्या. दादांनी सकाळीच हळद, मीठ, लसूण, तिखट चोळून त्या मुरवल्या. अंगणात वायर ओढली, पानं मांडली.

"जाळ न्हाई, धूर न्हाई. शिजवून राह्यलंय कशावर हे?" दादा दर दोन मिनिटांनी खण ओढून वास घेत. खण ओढला की यंत्र बंद.

"बापू, असंच उघडून राह्यलात तर उद्या शिजंल!" सुनीता ओरडली.

कोऱ्या जाळीत पहिला मान माझ्या बटाट्याचा. नंतर बरगड्या, पण एका खेपेला मावत सहाच, आणि खाणारे नऊ. दोन-दोन धरून तीन खेपा, प्रत्येक खेप अर्ध्या तासाची. बटाटा गार झाला, पहिल्या बरगड्याही गार झाल्या, पण रीत म्हणजे रीत. माणसं पानांवर नजर ठेवून गप्पा मारत बसली. कितीतरी दिवसांनी ते अंगण भरलं होतं.

शेवटचा वाटा पडला आणि शेजारची केसरबाई शेतातून आली. दादांनी आपलं पान गपचूप तिच्यापुढे सरकवलं.

मी एक कोरं पान घेतलं. बटाटा मोडून अर्धा त्यावर ठेवला आणि ते त्यांच्यापुढे मांडलं. दादांनी दोन्ही तुकडे निरखून पाहिले.

"बराबर केलेत व्हय? घ्या मग, तुमी आधी."

"वाटणाऱ्याचं पान शेवटी, दादा."

खोकला लागेपर्यंत हसले. मग त्यांनी पहिला घास घेतला.

उन्हाळा लागता लागता दादा गेले. उभा जन्म तांड्याला मटण वाटलं त्यांनी, आणि पंगतीतला त्यांचा शेवटचा वाटा गार बटाट्याचा. त्याची खंत होती मला. सुनीताला तसं म्हणालो, तर डोळे पुसत ती म्हणाली, "गुरजी, बापूला आजवर कुनी वाढलंच कुठं होतं?"