अक्कांचा नारिंगी ठिपका

माझ्या नणंदेनं मला आजवर जेवढे धक्के दिले, तेवढे लातूरच्या रस्त्यांनी माझ्या स्कूटीलाही दिले नसतील. लग्न ठरलं तेव्हा सगळ्यांनी मला सासूबाईंची भीती घातली होती. नणंदेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. "अक्का नांदेडला कॉलेजात जंतुशास्त्र शिकवते, एकटीच राहते," एवढंच हे म्हणाले होते. पहिल्या दिवाळीत अक्का कोकणातून नांदेडला जाता जाता आमच्याकडे उतरल्या. एका हातानं मला साडी दिली आणि दुसऱ्या हातातला डबा सरळ फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवला. कोकणातला खाऊ असेल म्हणून मी झाकण उघडलं. आत पिवळसर, भोकाभोकांचं, सुजल्यासारखं काहीतरी पाण्यात पडलं होतं. "हात लावू नकोस गं," अक्का म्हणाल्या, "स्पंज आहे. समुद्रातला प्राणी." प्राणी हा शब्द ऐकताच सासूबाई देवघरातून जप अर्धा टाकून बाहेर आल्या. "आपल्या घरात कधी अंडं आलं न्हाई, आन् हिनं जित्राब आणून ठेवलं!" त्या दिवाळीत आम्ही दही खाल्लं नाही.

पुढे कळलं, की अक्कांना स्पंजाशी तसं घेणंदेणं नाही. त्याच्या पोटात राहणारे जंतू त्यांना हवे असतात. स्पंज खडकाला चिकटून बसतो. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही, तरी मासे त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत, कारण त्याच्या आतले जंतू म्हणे कडू विष तयार करतात. त्या विषातून उद्या माणसाचं औषध निघू शकतं. फक्त ते जंतू प्रयोगशाळेत वाढले पाहिजेत, आणि ते वाढत नाहीत. टँकर आला की जिथं बादल्यांची रांग लागते, त्या आमच्या मराठवाड्यात बसून ही बाई वर्षानुवर्षं भांड्यात क्षार कालवून समुद्र तयार करायची. चव बरोबर जमली की नाही, ते बोट बुडवून बघायची. वर मला म्हणायची, "आमटीत तू मीठ जरा जास्तच घालतेस."

जंतूंचं खाणं घट्ट करायला त्या जे वापरतात, तो आपला चायना ग्रासच, हे कळल्यावर मी घरात खरवस सोडून दुसरं काही थुलथुलीत करणं सोडलं. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पंगत बसली असताना त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, की समुद्रातल्या जंतूंना पोटभर घालायचं नसतं, अर्धपोटीच ठेवायचं, भरपूर मिळालं की ते मरतात. सासूबाई पुरणपोळीवर तूप वाढत होत्या. त्यांनी तुपाचं भांडं तसंच हवेत धरलं आणि पाहुण्यांकडे बघत राहिल्या.

एसटीतही तेच. बर्फाचा डबा मांडीवर, परवानगीचा कागद पर्समध्ये. एकदा मी सोबत होते. कंडक्टरनं वास घेतला. "बाई, मासळी हाय का ह्यात?"

"न्हाई, स्पंज हाय."

"भांडे घासायचा? तो कशाला बर्फात ठेवून राहिल्या?"

"तो बाजारातला. ह्यो जित्ता हाय," असं म्हणून अक्कांनी त्याला उदगीर फाट्यापर्यंत सगळं शास्त्र शिकवलं. तिकिटं काढायची राहिली म्हणून मागचे लोक ओरडायला लागले.

पण सगळ्यात मोठा धक्का माझ्या मुलीच्या साखरपुड्यात. ऐन मे महिना, अंगठ्या बदलायची वेळ, आणि अक्कांचा फोन वाजला. नांदेडला लाईट गेली होती, प्रयोगशाळेतला एसी बंद. "माझे जंतू भाजून निघतील गं!" एवढं बोलून त्या ऑटोनं स्टँडवर गेल्या. मुठीतल्या अक्षता तशाच घेऊन. व्याही मंडळी विचारत होती, "कुणी आजारी आहे का?" काय सांगणार? मी म्हणाले, "हो, नाजूकच आहे."

त्या दिवशी वाचलेल्या एका काचेच्या बशीत नारिंगी ठिपका उगवला. भोवती टाकलेले रोगाचे जंतू त्याच्या आसपास फिरकेनात. ठिपक्याभोवती स्वच्छ कडं पडलं, म्हणजे तो विष सोडत असणार. अक्कांनी फोटो पाठवला आणि लगेच फोन करून तो नीट पाहिला का, ते दोनदा विचारलं. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. कॉलेजनं अजून काही ठरलेलं नसताना सत्काराचा फलक लावला. पुण्याहून तपासणीचा अहवाल यायचा होता. "आल्यावर बघू," अक्का म्हणत राहिल्या, पण ऐकतो कोण?

आम्ही सगळे नांदेडला गेलो. सासूबाई नऊवार नेसून पहिल्या रांगेत. प्राचार्यांनी शाल घातली, नारळ दिला, समुद्र, मराठवाडा आणि स्त्रीशक्ती यांवर भाषण केलं. मग अक्का माइकपाशी आल्या. "अहवाल आज सकाळी आला," त्या म्हणाल्या. "हे जंतू समुद्रातले नाहीत. माणसाच्या कातडीवर राहणारे आहेत. बशी हाताळताना माझ्या हातावरचेच पडले असणार."

प्राचार्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थिजलं. मला वाटलं, सांगायची काय गरज होती आज? शाल घेऊन, चहा पिऊन, उद्या सांगितलं असतं तर?

तेवढ्यात सासूबाईंचा खणखणीत आवाज आला. "मंजे ते जंतू तुझेच हायेत?"

"हाव आई, माझेच."

"मग लाजायचं काय त्यात? घरचेच हायेत की!"

सगळं सभागृह हसलं. अक्काही हसल्या. शालीची नीट घडी करून त्यांनी ती टेबलावर परत ठेवली. नारळ मात्र सोडला नाही. "ह्याच्या पाण्यात काही वाढतं का बघते," म्हणाल्या.

त्यानंतर बरेच दिवस त्यांनी फोन उचलला नाही. मग एके दिवशी स्वतःच फोन करून एकदम म्हणाल्या, "कोकणात येतेस का?" मी गेले. ओहोटीला साडी खोचून आम्ही दोघी शेवाळलेल्या खडकांवर उभ्या होतो. या खेपेला त्यांच्याकडे डबा नव्हता. खडकाच्या कपारीत त्यांनी मला जिवंत स्पंज दाखवला. केशरी, लुसलुशीत, वर नितळ पाणी. मी विचारलं, "अक्का, इथं एवढे वाढतात, मग तुमच्याकडे का नाही?"

त्यांनी पाण्यात बोट बुडवून चव घेतली. "मीठ देते, खाणं देते, ऊब देते. पण इथं ते शेकडो जातीच्या शेजाऱ्यांत राहतात गं. तो शेजार मी कुठून आणू?"

नांदेडच्या त्यांच्या दोन खोल्या, दाराशी कायम चपलांचा एकच जोड, हे सगळं मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं मी नुसती दचकत होते.

"लातूरला या राहायला," मी म्हणाले. त्यांनी हात धरून मला खडकावरून खाली उतरवलं तेवढं.

आता त्या निवृत्त झाल्यात. आम्ही जिन्याखालची खोली रिकामी केली, चुना मारून घेतला. तिथं फ्रिज मावेल का, हे सासूबाईंनीच काठी टेकत टेकत मोजून पाहिलं. पण कॉलेजनं प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं अक्कांचं टेबल अजून हलवलेलं नाही, आणि अक्काही हलल्या नाहीत. परवा फोनवर मी विचारलं, "कधी येताय?"

"येते गं," त्या म्हणाल्या. "एका बशीत काहीतरी उगवल्यासारखं वाटतंय. तेवढं बघते आणि येते."

मी बरं म्हणाले. फोन ठेवून त्या खोलीत गेले आणि खिडकी उघडून ठेवली. बंद राहिली की खोलीला वास धरतो.