पोत्यांची वाट

उत्तरेश्वरनं आईला वृद्धाश्रम सांभाळणाऱ्या भिवराबाईच्या हवाली केलं तेव्हा दसरा होऊन चार दिवस झाले होते. रस्त्यावर मुकादमाचा ट्रक उभा होता. त्यात बायको, दोन लेकरं, पत्र्याची पेटी आणि कोंबड्यांची पाटी. ऊसतोडीला निघालेल्या माणसाला निरोपाला सवड नसते. तो एवढंच म्हणाला, "आक्का, गुढीपाडव्याला येतो. माय चालती ठिवा. पडून ऱ्हायली तर तिला सोडून मला जाता येयाचं न्हाई, आन न गेलो तर खायाचं काय?"

"चालतीच दिईन," भिवराबाई म्हणाली. बोलायला काय लागतं!

चौसाळ्याच्या बाहेर, हायवेला लागून, सरकीच्या जुन्या गोदामात हा वृद्धाश्रम होता. काही म्हातारी तिथं कायमची, काही फक्त मोसमापुरती. लेकरं उसाला गेली की यायची आणि लेकरं परतली की जायची. आश्रम गुरुपाद शेटांचा. गावात घरोघरी रंगीत टीव्ही आले, एसटीडीचे पिवळे बूथ लागले, तशी शेटांच्या पत्रे-खिळ्यांच्या दुकानातही गुजरातची चकचकीत टाइल आली. त्यांनी वारलेल्या वडिलांच्या नावानं आश्रमाची सारवलेली जमीन उकरून तिथं ती टाइल बसवून दिली. मनापासून दिली होती, त्यात काही खोट नव्हती. म्हणून तर कुणाला काही बोलता येईना.

टाइल बसल्यावर पंधरा दिवसांत आश्रमातले अर्जुनराव पडले. सारवलेल्या जमिनीवर हा माणूस सहा वर्षांत तीनदा पडून, धोतर झटकून उठला होता. या वेळी खुब्याचं हाड गेलं आणि महिन्याभरात अर्जुनरावही गेले. गावानं वय झालं होतं म्हटलं. वयावर ढकललं की सगळेच मोकळे होतात.

भिवराबाईला मात्र तसं ढकलता येईना. ती आणि तिचा नवरा म्हाळू बारा वर्षं उसाला जात होती. एका मोसमात ती मोळीसकट ट्रकवरून खाली आली ती पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पानांच्या, ढिगावर. खांदा कायमचा अधू झाला, पण जीव राहिला. त्याच महिन्यात म्हाळू त्याच ट्रकवरून कारखान्याच्या आवारात पडला. उंची तीच, पण खाली सिमेंट होतं. तो उठलाच नाही. तेव्हापासून कुणी पडलं की ती आधी खाली काय होतं ते विचारायची.

तिनं शेटांकडून पेंडीची रिकामी पोती मागून आणली. दोन पोत्यांच्या मधे फाटक्या गाद्यांचा कापूस आणि चिंध्या भरल्या, दाभणानं वाकळीसारखे टाके घातले. पोती सरकू नयेत म्हणून टाइलवर शेणमातीचा काला थापून त्यावर ती दाबून बसवली. खाटांपासून दारापर्यंत आणि दारापासून न्हाणीपर्यंत पोत्यांची वाट झाली. शेटांचं तोंड उतरलं, पण पोती त्यांनी राहू दिली.

उत्तरेश्वरची माय, सुभद्राबाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेली. पहिल्याच आठवड्यात ती पोत्यांवर दोनदा पडली आणि दोन्ही वेळा हसत उठली. मग तिची भीती गेली. उठली की पाऊल टाकायच्या आधी एकच विचारायची, "भिवरे, खाली पोती हायेत का गं?"

"हायेत मावशी, चाला."

एवढं ऐकलं की म्हातारी सरळ चालू लागायची, भिंत न धरता.

संक्रांतीनंतर पुण्याची एक संस्था खाटा देणार म्हणून पाहुणे येणार होते. शेट आदल्या दिवशी आले. "भिवराबाई, एक दिवस पोती काढा. फोटू निघनार हायेत, फरशी दिसू द्या. सांजच्याला परत टाका."

"मालक, म्हातारी मानसं हायेत."

"दोन तास खाटंवर बसवा की त्यास्नी."

ती नाही म्हणू शकली असती. शेट काही तिला काढून टाकणारे नव्हते. पण सात जण खालीच झोपत होते, आणि खाटा याव्यात असं तिलाही वाटत होतं.

सकाळी तिनं सुभद्राबाईला न्हाऊ घातलं आणि बाहेर उन्हात दगडावर बसवलं. मग पोती उपसली, शेणमाती खरवडली, साबणाच्या पाण्यानं फरशी घासली. फरशी वाळायच्या आतच ती दाराला झेंडूचं तोरण बांधायला स्टुलावर चढली. दोरा दातात, नजर वर. उन्हाला कंटाळून म्हातारी उंबऱ्याशी आली.

"भिवरे, खाली पोती हायेत का गं?"

"हायेत मावशी, चाला."

शब्द तोंडातून गेला आणि तिला कळलं. ती वळेपर्यंत आवाज झाला होता.

शेटांच्या जीपमधून म्हातारीला दवाखान्यात नेलं. पाहुणे ठरल्या वेळी आले. फोटोत फरशी चांगली उठली.

या वयात ऑपरेशन सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हातारी खाटेवर परत आली ती उठण्यासाठी नव्हेच. ती पडली त्याच संध्याकाळी शेटांनी पोती स्वतः खांद्यावर वाहून आणली, आणि पुन्हा कधी फरशीचं नाव काढलं नाही. भिवराबाईनं दोन महिने तिला भरवलं, कुशीवर वळवलं, पाठीच्या जखमा धुतल्या. कुणी विचारलं की सुभद्राबाई म्हणायची, "माझंच चुकलं. न इचारता आत गेले." हे ऐकताना भिवराबाईला मरण बरं वाटायचं.

पाडव्याला उत्तरेश्वर गुळाची ढेप घेऊन आला. मायनं त्यालाही तेच सांगितलं. भिवराबाईनं ते तसंच राहू दिलं असतं तर कुणाला कधी कळलंही नसतं.

"मावशी खोटं बोलत्यात," ती म्हणाली. "त्यांनी इचारलं व्हतं. पोती म्याच काढली व्हती, आन हायेत म्हून म्याच सांगितलं."

उत्तरेश्वरनं गुळाची ढेप खाली ठेवली. "म्या तुमास्नी एकच सांगितलं व्हतं, आक्का," तो म्हणाला. एवढंच. पुढच्या दसऱ्याला उसाला जाताना मायचं काय करायचं, ते त्यानं तिला विचारलं नाही.

त्यानं मायला पाठुंगळी घेतलं. हिवाळाभर मोळ्या वाहिलेला माणूस तो. "मोळी बी हिच्याहून जड आसती," तो स्वतःशीच पुटपुटला.

उंबऱ्याशी आल्यावर म्हातारीनं सवयीनं मान वळवली. "भिवरे, खाली पोती हायेत का गं?"

भिवराबाई या वेळी आधी वाकली. उत्तरेश्वरच्या पायाखालच्या पोत्यावर हात ठेवून पाहिला आणि मगच म्हणाली, "हायेत, मावशी."

पुढचा शब्द तिला म्हणता आला नाही.