सांडलेलं उडू द्या

तळोज्यात चहाच्या टपरीसमोर माझ्या जुन्या मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळत होतं आणि मी किका मारतच होतो. कंपनीच्या बससाठी उभे असलेले एक गृहस्थ धावत आले. आधी त्यांनी चहावाल्याला स्टोव्ह बंद करायला लावला, मग माझा पेट्रोलचा कॉक फिरवून बंद केला.

"माझी अशीच पेटली होती," ते म्हणाले.

माझ्याच स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांनी कार्ब्युरेटरवर हलकेच ठोकलं. आत अडकलेली, पेट्रोल अडवणारी सुई जागेवर बसली. कॉक उघडून पाहिला, गळती थांबली होती.

"मारू किक?"

"थांबा हो, सांडलेलं उडू द्या."

तेवढ्यात त्यांची बस आली आणि गेली. त्यांनी ती पाहिली, पण हलले नाहीत.

मग मीच त्यांना कंपनीच्या गेटवर सोडलं. उतरल्यावर त्यांनी कार्ब्युरेटरखाली बोट फिरवलं, हुंगलं आणि मला दाखवलं. कोरडं होतं.

"जावा आता," म्हणाले.