घरी नेलेल्या साखरेचा हिशेब

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आर्वीत आमचं किराण्याचं दुकान होतं, पुढे दुकान आणि मागे घर. सासरे गल्ल्यावर बसायचे. त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. दुकानात काही उरतच नाही, उलट तोटा होतो, असं त्यांचं तीन वर्षं चाललं होतं. आता त्यांनी दुकान विकायचं मनावर घेतलं होतं. येणारा पैसा सागवानाच्या कुठल्याशा योजनेत घालायचा, झाडं वाढतील तसा पैसाही वाढेल, असं एका पाहुण्याने त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. त्याच दुकानावर माझ्या दोन मुलींची शाळा चालत होती, आणि नवरा वडिलांपुढे तोंड उघडत नसे. माझा जीव टांगणीला लागला होता.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, आकड्यांशी माझं कधी जमलं नाही. पण राग आला की मला गप्प बसवत नाही. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक काकाजी राहायचे. त्यांना जाऊन म्हटलं, "मले हिशेब शिकवा."

"काऊन? गल्ल्यावर तं तुहा सासरा बसते."

"दुकान इकाच्या आधी पाहून तर घेऊ, काकाजी."

दुपारी दुकान थंड असायचं, तेव्हा मी वही घेऊन त्यांच्या ओसरीवर जायची. जमा कुठे आणि नावे कुठे, यात मी त्यांचा पहिला महिना खाल्ला. ते एकदाही चिडले नाहीत. खोडरबराने खोडायचे आणि पेन्सिल परत माझ्या हातात द्यायचे. इतका धीराचा माणूस मी पुढे पाहिला नाही. ज्या दिवशी दोन्ही बाजूंची बेरीज जुळली, त्या दिवशी मला हसू आवरेना.

त्यांच्याकडे एका कंपनीचे थोडे शेअर होते. तिचा वार्षिक अहवाल पोस्टाने यायचा. "समोरची चित्रं राहू दे," ते म्हणाले, "मांगून वाच. पैसा धंद्यातून येऊन राह्यला का कर्जातून, थे तिथं दिसते." तेवढी चार पानं समजायला मला दोन महिने लागले, पण समजली.

एक दिवस त्यांनी सहज विचारलं, "घरचं सामान कुठून आणता?"

"आमच्याच दुकानातून. अजून कुठून?"

"अन् लिवते कोण?"

कोणीच लिहीत नव्हतं. आपल्याच दुकानातलं काय लिहायचं! साखर संपली की कोणीतरी पुढे जाऊन पोत्यातून घेऊन यायचं. मग दोन महिने मी चोरून सगळं टिपलं. साखर, तेल, साबण, नणंद आली की भरून न्यायची ती पिशवी, केळझरला दर्शनाला जाताना घेतलेले नारळ. बेरीज केली आणि मीच हबकले. मामाजी त्या दोन महिन्यांचा जो तोटा सांगत होते, त्याच्यापेक्षा ती मोठी होती.

सासऱ्यांची चूक सुनेने दाखवायची, तीही आमच्या घरात! डोक्यावर पदर घेऊन मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि सागवानवाल्यांचा हिशेबही मागितला. त्यांच्याकडे नुसतं रंगीत माहितीपत्रक होतं. त्यात मागूनपुढून झाडंच झाडं.

त्यांनी वही पानोपान वाचली.

"हे सारं आपणच नेलं?"

"हो, मामाजी. माह्या माहेरी धाडलेला डबाही त्यातच आहे."

ते उठले आणि न जेवता आत जाऊन पडले. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं.

सकाळी त्यांनी मला हाक मारून गल्ल्यावर बसवलं. स्वतः पायऱ्या उतरून रस्त्यावर गेले आणि गिऱ्हाइकं उभी राहतात तिथे, दोघांच्या मागे, येऊन उभे राहिले. त्यांची पाळी आली.

"एक किलो साखर. पाव चायपत्ती."

बंडीच्या खिशातून नोटा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. मी साखर आणि चायपत्ती तोलून पुड्या बांधल्या.

"लिव," ते म्हणाले. "पाहुण्याले नाई म्हणून सांगतो मी."

साखरेची पुडी उचलून ते वळले आणि पुन्हा थांबले.

"दुपारी काकाजीकडं जाशीन तं मलेबी आवाज देजो."