राजपत्रित खोकला

मिल बंद पडली, तिच्यामागोमाग मिलचा दवाखानाही गेला. राहिला तो आमच्या ह्यांचा खोकला. त्याला कोणी व्हीआरएस दिली नाही. उभी हयात पिंजण खात्यात काढलेली, रुई छातीत जाऊन बसलेली. एक वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा दम घ्यावा लागे. तुकोगंजातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज तोंडाने ओढायला औषधाचा पंप दिला होता. पण शेजारणी म्हणत, पंपाची आदत लागते. आणि मी म्हणजे मॅट्रिक पास! ठरवलं, खरं काय ते आपणच शोधायचं.

गल्लोगल्ली तेव्हा इंटरनेटच्या पाट्या लागत होत्या. आमच्या कोपऱ्यावर पाळी सुटली की मिलवाले चहा प्यायचे, तिथेच सायबर कॅफे उघडला होता. मालकाला म्हटलं, "भिया, पंपाने काय नुकसान होतं, तेवढं काढून द्या."

नुकसान मागितलं, नुकसानच आलं. लाल अक्षरांत, हिंदीत: पंप म्हणजे जन्माची गुलामी, हे चूर्ण घ्या, सात दिवसांत छाती साफ. वा! मी लगेच प्रिंट काढून घेतली.

पण मी काही भोळी नव्हते हं. मिल बंद झाल्यापासून आम्ही इतके दाखले अटेस्ट करून घेतले होते, की गोल शिक्क्याशिवाय कागद आम्हाला नागडा वाटे. गल्लीत सरकारी कॉलेजातले एक प्राध्यापक राहायचे, म्हणजे राजपत्रित अधिकारीच; कागद त्यांच्यापुढे धरला. स्कूटरला किक मारता मारताच त्यांनी विचारलं, "ओरिजिनल आणलंय?"

"सर, ते भियांच्या कंप्यूटरमध्ये आहे."

"बरं बरं." कागद स्कूटरच्या सीटवर ठेवून सही ठोकली, शिक्का मारला. सत्यप्रत!

घरी ह्यांनी शंका काढली, "अगं... हे खरं... असेल का?"

"गॅझेटेड ऑफिसरची सही आहे."

मिलच्या गेटवर मॅनेजरला घाम फोडणारा माणूस, शिक्क्यापुढे नमला. पंप कपाटात गेला, बाजारातून चूर्ण आलं.

पाचव्या दिवशी हे बादली उचलायला वाकले ते सरळच होईनात. ओठ निळे, तोंडून शब्द नाही. रिक्षात घालून तुकोगंज गाठलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तोंडावर वाफेच्या मशीनचा मास्क लावला, मग माझ्याकडे वळल्या, "पंप कोणी बंद केला?"

मी त्यांच्यापुढे कागद धरला. तोही ऐटीत! त्यांनी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तोवर तेवढे कष्ट ना मी घेतले होते, ना प्राध्यापकांनी.

"बाई, कंप्यूटरवर होतं तेच कागदावर उतरलंय, एवढंच हा शिक्का सांगतो. ते खरं आहे, असं कुठे म्हणतो?" मग बोट तळाशी नेलं. पान चूर्ण बनवणाऱ्याचंच होतं. "जो सांगतोय तोच विकतोय. मग दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं ना? मी काय इथे फक्त पाटी लावून बसलेय?"

मी ह्यांच्या ओठांकडे बघत बसले. बऱ्याच वेळाने निळेपणा उतरला. ह्यांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "शिकलेली बायको मिळाली म्हणून गावभर मिरवलो, तर हिने कंप्यूटर आणि प्रोफेसर एक करून मला पोहोचवायची सगळी तयारी केली, आणि आता समोर बसून रडते कशी बघा!"

एका दमात. मध्ये कुठेही न थांबता.

"मास्क लावा आधी!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

मी म्हटलं, "राहू द्या हो, अजून थोडं बोलू द्या."